गळ्यावरची रेघ

मी, पावाच्या गाडीवरचा निवृत्त ड्रायव्हर, वय वर्षे एकोणऐंशी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीला घातलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या लेकीस मिळावी. जावयाने घराचा रंग बदलू नये असे लिहिणार होतो, पण तो ऐकायचा नाही.

२. जुनी मोटार, कॅमेरा, मोठी लेन्स आणि तांदूळ भरलेली उशीही लेकीसच. उशी मोटारीच्या खिडकीत ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची असते. तांदूळ शिजवू नयेत. शिकारी पक्षी मोटारीला भीत नाही, माणूस उतरला की उडतो. म्हणून उतरायचे नाही. इंजिन बंद करून गाडी उतारावर हळूच सोडायची, ही युक्ती माझ्या धाकट्या भावाची.

३. नोंदवहीही तिलाच. चोवीस वर्षे दर सुट्टीला धाकटा आणि मी एकाच हमरस्त्याने जात असू. तो घड्याळे दुरुस्त करणारा, नजर तेज. पक्ष्याचे नाव आधी पेन्सिलने लिहायचे आणि दोघांचे एकमत झाले की शाईने, हा आमचा नियम. थर्मासमधला चहा निवून जाई आणि आम्ही शेपटीवरच्या पट्ट्यांवरून भांडत असू. तसे सुख मला पुढे कशातच मिळाले नाही.

४. वहीचे पान एकशे बारा. खुंटावर बसलेला पक्षी, गळ्यावर मधोमध जाड काळी रेघ. मी म्हणालो, बेसरा; त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या शिक्र्याच्या गळ्यावरची रेघ पुसट असते. धाकटा म्हणाला, "दादा, बेसरा दाट जंगल सोडून रस्त्यावर कशाला येईल? साधा शिक्रा आहे." त्याला न विचारता मी शाईने 'बेसरा' लिहिले, फोटो मासिकात छापून आणला आणि चारचौघांत म्हणालो, "घड्याळवाल्याने घड्याळंच बघावीत." त्यानंतर तो माझ्या गाडीत बसला नाही. याला अकरा वर्षे झाली.

५. गेल्या महिन्यात मोतीबिंदू काढला आणि तो फोटो पुन्हा पाहिला. ती जाड रेघ गळ्यावर थांबतच नाही. पोटावरून खाली खुंटावर उतरते. बाजूच्या वाळक्या काटकीची सावली आहे ती. पक्षी शिक्राच. मी चुकलो, आणि वागलो त्याहून वाईट. लेक म्हणते, "बाबा, मग काकाला फोन करा ना!" जीभ रेटत नाही, म्हणून हा कागदाचा आडोसा.

६. साक्षीदाराला वाटा देऊ नये, असे वकील सांगतात. म्हणून धाकट्याला मी काहीही देत नाही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मात्र त्याची आहे. तिथे अन्य कोणाची सही घेणार नाही. तो आला नाही तर हा कागद रद्दीत घालावा. लेक एकुलती आहे, तिचे काही अडत नाही. अडले आहे ते माझे.

दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: नऊ नोव्हेंबर, दुपारी चार

(सही) पावाच्या गाडीचा ड्रायव्हर

साक्षीदार १: समोरच्या औषध दुकानाचे मालक. (सही)

साक्षीदार २: घड्याळवाला, धाकटा भाऊ. (सही) मजकूर वाचला. शिक्राच आहे. पण त्या दिवशी मलाही पुरती खात्री नव्हती, दादा. रविवारी गाडी काढ. चहा मी आणतो.