निळ्या दाराची घंटा

३ तारीख, सोमवार

आज मी वस्तीत राहायला आलो आणि पहिल्या पाच मिनिटांत विहिरीत पडलो.

वस्ती म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातली. तेहतीस वर्षं चष्म्यांचं दुकान चालवलेल्या आणि खेळ म्हटलं की नाक मुरडणाऱ्या माणसानं चौसष्टाव्या वर्षी हे उद्योग करावेत म्हणजे नवलच. पण त्याचं असं झालं. बायकोला जाऊन पाच महिने झाले. काल मन घट्ट करून तिचा चष्मा घडी करून खोक्यात ठेवला. तिचा टॅब लेकीला द्यावा म्हणून उघडला, तर त्यात माझ्या नावानं धाडलेली एकेचाळीस आमंत्रणं. दुपारची कामं आटोपली की ती हा खेळ घेऊन बसायची आणि म्हणायची, एकदा येऊन बघा तरी. मी म्हणायचो, पोरखेळ आहे. असं एकेचाळीस वेळा. आता म्हटलं, वरातीमागून घोडं तर घोडं, पण जाऊ या.

ऑफिसला निघण्याआधी लेकीनं सगळं लावून दिलं. घरच्या माणसाचं आमंत्रण असलं की वस्तीचं मतदान लागत नाही, थेट आत घेतात. शेवटी पडद्यावर एक प्रश्न आला, आधीच्या वस्तीचं सदस्यत्व सोडायचं का? मी विचारात पडलो. मी इथे आत्ता जन्माला येतोय, माझी आधीची वस्ती कुठली? लेक म्हणाली, बाबा, असलं काहीबाही विचारतातच, हो म्हणा. मी हो म्हटलं.

विहिरीतून मला वस्तीच्या लोहारानं काढलं. मग सगळे गोळा झाले, आकाशात रंगीत दिवे सोडले, मला एक कंदील दिला आणि एक म्हातारी गाय. तिचे मिस्टर आले, तिचे मिस्टर आले, असं एकमेकांना सांगणं चाललं होतं. दुकान बंद केल्यापासून माझं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. गाय मात्र माझ्याकडे पाठ करूनच उभी राहते.

४ तारीख, मंगळवार

नियम समजून घेतले. लोहार एरवी बसचा ड्रायव्हर आहे, पहाटेची पाळी संपवून दुपारी इथे येतो. त्यानं न कंटाळता समजावलं. मंडळ म्हणजे माणसं आणि वस्ती म्हणजे जागा. मंडळाचं माणूस कुठेही राहू शकतं, पण वस्ती एका माणसाला एकच. एकदा धाडलेलं आमंत्रण मागे घेता येत नाही. जो तीस दिवस फिरकत नाही त्याचं नाव यादीतून जातं, घर पाडतात, जागा मोकळी होते. मात्र दुसऱ्या कुणी त्याच्या दारची घंटा वाजवली तरी हजेरी लागते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

ती गेल्यावर या लोकांनी पाळ्या लावल्या होत्या. फळ्यावर नावं लिहून रोज एकानं टेकडी चढायची आणि तिची घंटा वाजवायची, म्हणजे तिचं नाव जाणार नाही. हे वाचताना माझ्या डोळ्यांना धार लागली. चार महिने नेमानं चाललं. मग कुणाचं लग्न निघालं, कुणाची बदली झाली, पाळ्या चुकत गेल्या. सांगताना लोहार ओशाळला होता.

तिचं घर टेकडीवर, अगदी शेवटचं. दार निळं, बंद, आणि उघडण्याचा हक्क फक्त मालकिणीला. पाटीवर तिचं नाव, खाली माझं नाव, आणि त्यापुढे लिहिलेलं, 'येणार आहेत'. पाटीखाली आकडा होता, सत्तावीस दिवस. अजून तीन दिवस गेले असते तर सगळं संपलं असतं. मी घंटा वाजवली आणि आकडा शून्यावर आला. आयुष्यात एकदा तरी मी वेळेवर पोचलो.

७ तारीख, शुक्रवार

आज खिडकीतून आत डोकावलो. तिनं माझ्यासाठी कामाचं टेबल मांडून ठेवलंय. भिंगं घासायचं चाक, नंबरवार खण, एका खणात मी हे लिहितोय तशीच लाल पुठ्ठ्याची वही. दुकानातलं माझं स्टूलसुद्धा, आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेलं. ती पुठ्ठ्याची घडी दुकानात आलेल्या कुणाच्याही कधी लक्षात आली नव्हती. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात माझा जन्म गेला आणि घरातलं माणूस काही मला नीट दिसलं नाही.

रोज जेवण झालं की घंटा वाजवायला जातो. लेक चिडवते, बाबा, आईला भेटायला निघालात वाटतं. मी म्हणतो, हो, तुझी काही हरकत?

९ तारीख, रविवार

आत कुणीतरी आहे.

घंटा वाजवली तेव्हा आतला दिवा हलला. मग ती दिसली. खेळातली ती, राखाडी शाल घेतलेली, माझ्याकडे पाठ करून उभी. यादीत तिच्या नावापुढे 'हजर' असं आलं. लगेच उठून कपाट उघडलं. टॅब तिथेच होता, चार्जिंग संपून गेलेला. लेक म्हणाली, मी हातही लावलेला नाही. लोहाराच्या मते घंटा वाजली की कधीकधी तसं दिसतं, यंत्राचा घोळ असतो.

मी दाराशी बसून लिहिलं, आलो गं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. एकच शब्द, जा.

घाबरायला हवं होतं खरं, पण मला हसूच फुटलं. चौतीस वर्षांचा संसार आहे. रुसली की ती हेच म्हणायची, आणि मी खोलीच्या दाराशी बसून राहायचो, शेवटी दार उघडायचं. म्हणजे आहे, माझी बायको आहे आणि माझ्यावर रुसलीय! त्या आनंदात मी लेकीलाही आमंत्रण धाडून दिलं. ती म्हणाली, सवड झाली की येते.

१२ तारीख, बुधवार

रोज तेच. जा. जा. जा. ती हट्टी तर मी काय कमी? दिवसातून चार-पाच वेळा वाजवतो.

लेक आज माझ्यावर चिडली. तिनं म्हणे मला समोर उभं राहून तीन हाका मारल्या. मला एकही ऐकू आली नाही. चहा शेजारी निवून गेला होता. बोटं थोडी बधिर वाटतात, वयाचं असेल.

मंडळातल्या दर तिघांपैकी दोघांनी हो म्हटलं तर कुणाचंही दार उघडता येतं, असं लोहार म्हणाला. अर्ज टाकला.

१६ तारीख, रविवार

सगळ्यांनी हो म्हटलं. विरुद्ध एकच मत, तिचं. अजून राग उतरलेला दिसत नाही. घंटा वाजवली, दार ढकललं. आत चाललोय.

१७ तारीख, सोमवार

ती रुसलेली नव्हती.

घंटा वाजली की तिला उठावं लागतं. दाराशी यावं लागतं. झोप लागत आली की कुणी खांदा धरून हलवावं, तसं. महिनोन्‌महिने. लोक थकले तेव्हा तिला वाटलं, सुटले. सत्तावीस दिवस झाले होते. डोळा लागत आला होता. आणि मी आलो. कंदील घेऊन.

मला जा म्हणत होती ते माझ्यासाठी. आधीची वस्ती सोडायची का, या प्रश्नाला मी हो म्हटलं होतं. माझी आधीची वस्ती म्हणजे जिवंत माणसांची. ती जिवंत असताना बोलवायची तेव्हा हा खेळच होता, म्हणाली. तेव्हा आला असतात तर गंमत झाली असती.

चौतीस वर्षांत तिचं एक वाक्य नीट ऐकलं असतं तर—

दारातूनच लोहाराला लिहिलं, पाळ्यांचा फळा काढ, कुणालाही वाजवू देऊ नकोस. तो हो म्हणाला. त्यानंतर मी लिहिलेलं बाहेर जात नाही. एक शब्द तेवढा जातो.

२० तारीख, गुरुवार

लेक घरी आहे. तिचा आवाज येतो. जवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला. तिनं उठून खिडकी लावून घेतली. वारा आला असं वाटलं असणार.

बाळा, मी आहे इथे.

२४ तारीख, सोमवार

आज लेकीनं माझा चष्मा घडी करून खोक्यात ठेवला. आईच्या चष्म्याशेजारी. आणि तिथेच जमिनीवर बसून राहिली.

ही वही आता त्या खणातली आहे. अक्षर माझंच आहे. कशी आली, ते विचारायचं मी सोडून दिलं.

पुढचा महिना. १ तारीख

पाटीवरचं 'येणार आहेत' पुसलं गेलंय. आकडा सोळा.

कुणी वाजवत नाही. लोहार टेकडीच्या खालीच थांबतो, वर बघतो, परत जातो. देव त्याचं भलं करो.

९ तारीख

चोवीस. ती फार बोलत नाही. डोळे मिटून असते, माझा हात धरून. मलाही आता जड— बरं वाटतं. लेकीची तेवढी—

१४ तारीख

एकोणतीस. उद्या. दोघंही एकदमच, म्हणाली. आणि हसली. किती दिवसांनी.

आकाशात रंगीत दिवे. कुणीतरी नवीन आलं. लोहार त्या माणसाला विहिरीतून काढतोय. कुटुंबातलं माणूस. मतदान लागलं नाही.

टेकडी चढतेय. हातात कंदील, मागे म्हातारी गाय. चाल ओळखीची. लहानपणापासून अशीच, डावा पाय किंचित—

माझं आमंत्रण. परत घेता येत नाही.

खिडकीशी गेलो. लिहिलं, जा. जा. जा.

ती वाचतेय. डोळे पुसतेय. लिहितेय, सवड काढली नाही म्हणून रागावलात ना, बाबा? आता आले ना मी.

बायको जागी झाली. माझ्याकडे बघतेय.

आधीच्या वस्तीच्या प्रश्नाला लेकीनं 'हो' म्हटलंय का? तिनंही— कसं विचारू— एकच शब्द जातो—

जा, पोरी. रुसलो नाही मी. घंटेला हात लावू न