अडकित्त्यानं तोडलेली गोळी

रुख्मा,

मी हिंगण्याले चाललो. तिथं एका फॅक्टरीत चौकीदारी भेटली. वय कमी सांगतलं, म्हणून केस काळे केले. सांजच्याले मले पाहून दचकू नको.

दिवाळीपासून मिलच्या दवाखान्यात नवा नियम लागला. रिटायर माणसाच्या बायकोले आता औषध देत नाही, अन् बाजारात तुही ब्लडप्रेशरची गोळी लय महाग हाय. डॉक्टरनं अर्धीच सांगतली, असं मी म्हटलं होतं. ते खोटं होतं. मीच अडकित्त्यानं तोडत होतो. या फॅक्टरीत घरच्यायलेही औषध फुकट भेटते.

आलमारीतल्या डबीत उरलेल्या गोळ्या न तोडता, पुऱ्याच ठेवल्या हायेत. आजपासून पुरी घे. तुले चक्कर येते ते म्हातारपणानं नाही वं.

मारोती