पिवळे त्या दिवशी निळ्यात होते

ता. ९ जून

चि. पाटीवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली, म्हणजे आपला पत्रव्यवहारही सुरू. दर चार वर्षांनी हा महिना आला की तुझी वहिनी आपल्या फोनवर बंदी घालते. मागच्या खेपेला एका पेनल्टीवरून आपण दोघे इतके ओरडलो की शेजारची बाई रक्तदाबाची गोळी घेऊन धावत आली, हे ती अजून विसरलेली नाही. पत्रात माणूस ओरडू शकत नाही, असं तिचं म्हणणं. तिला तुझी पत्रं कधी वाचून दाखवली नाहीत, म्हणून बरं.

माझ्या पिवळ्यांनी काल झकास सुरुवात केली. ते पिकल्या केसांचे प्रशिक्षक, ज्यांना तू आजोबा म्हणतोस, बाकावर बसून नुसते मान डोलवत होते. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे जाताना पाहिला की मला तिसरीचा वर्ग आठवतो. गुरुजी कवितेची पहिली ओळ म्हणायचे, दुसरी खिडकीकडचे बाक उचलायचे, तिसरी दाराकडचे, आणि शेवटची ओळ सगळा वर्ग मिळून. कालचा तिसरा गोल अगदी तसा झाला. मी एकटाच खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि चष्मा चहात पडला.

तुझ्या लालांचा तो कोटवाला प्रशिक्षक मात्र मला कळत नाही. एक गोल झाला की अकराच्या अकरा जण स्वतःच्या गोलापुढे आणून उभे करतो. याला खेळ म्हणायचं की पहारा? पण जाऊ दे. तुझंच बरोबर असेल. तुझ्याशी वाद घालून मी कधी जिंकलोय?

धाकटीला आशीर्वाद सांग. लोभ आहेच, त्याला फोडणी म्हणून एखादा टोमणाही पाठव.

तुझा,
दादा

---

ता. १४ जून

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. चष्मा चहात पडला हे वाचून इकडे फार हसलो. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधल्यास, आता स्वतःच्या बशीत शोध.

कोटवाल्याला नावं ठेवू नकोस. दुकानाची पाटी रंगवताना आधी अक्षराची कड सांभाळावी लागते, आतला रंग कुणीही भरतो. कोटवाला कड सांभाळतो. जे हातात आहे ते जाऊ द्यायचं नाही. दोन सामने, दोन गोल, दोन विजय. तुझे आजोबा पाच घालतात आणि चार खातात, मग आपण टाळ्या वाजवायच्या. वा रे कविता!

तरी तुझ्या पिवळ्यांचा परवाचा दुसरा सामना मीही पाहिला, आणि मान्य करतो, मजा आली. पिवळ्या शर्टांची लाट अशी चाल करून येत होती की मैदानावर कुणी पिवळ्याचा अख्खा डबा लवंडलाय असं वाटावं. त्यांचा म्हातारा कप्तान शेवटी लंगडत होता. त्याला आता घरी बसवायला सांग. यावर वाद नको, मी डोळ्याला हात लावलाय असं समज.

अक्षर जरा मोठं आलंय. पेन नवीन आहे.

वहिनींना नमस्कार. पिवळ्यांवरचा लोभ थोडा काढून माझ्याकडे वळवावा.

तुझा,
पाटीवाला

---

ता. १८ जून

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावाने आलेलं पाहून दचकू नकोस. त्याला मात्र दाखवू नकोस.

मला एकच विचारायचं आहे. तो सामने पाहतो की नुसते ऐकतो?

त्याने पत्रात लिहिलेल्या त्या दुसऱ्या सामन्यात समोरचा संघही पिवळ्याच शर्टांचा होता. एका मैदानावर दोन पिवळे चालत नाहीत, म्हणून आमचे पिवळे त्या दिवशी निळ्या शर्टात उतरले. नव्वद मिनिटं निळ्यात होते. लाट आली ती निळी, आणि ती ज्यांच्यावर आली ते पिवळे. टीव्हीवर बोलणारा माणूस सारखा पिवळे पिवळे म्हणतच होता, कारण त्यांना सगळं जग पिवळेच म्हणतं. कानाने पाहणाऱ्याची फसगत व्हावी यात नवल नाही. पण चाळीस वर्षं रंगाच्या डब्यात हात बुडवलेल्या माणसाने निळ्याला पिवळं लिहावं?

शिवाय त्याच्या ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत. रेघ न आखता शिडीवरून सरळ ओळ लिहिणारा हात आहे तो. मी मुद्रितं तपासून म्हातारा झालो, पण सापडलेली चूक खोटी निघावी असं कधी वाटलं नव्हतं.

खरं काय ते कळव. उत्तराची वाट पाहणारा,

दादा

---

ता. २१ जून

ती. दादांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ यांनी मला घातली होती. पण तुम्हीच विचारलंत, तेव्हा मी काही मोडली असं होत नाही.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. डावा तर लहानपणापासून नावालाच, हे तुम्हाला माहीत आहे. हे टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसतात, आवाज मोठा करतात, आणि गोल झाला की मला विचारतात, कुणी घातला गं. मी सांगते, लालवाल्यांनी किंवा दुसऱ्यांनी. मला त्यातलं काय कळतंय. शर्टाचा रंग विचारला असता तर तेवढं नक्की सांगितलं असतं.

मागच्या आठवड्यात शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून पडले. कोपरच खरचटलं. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, आता लांबवलंत तर ऑपरेशन अवघड होत जाईल. त्या तारीख द्यायला तयार आहेत. हे म्हणतात, हा एकच डोळा आहे, तो बिघडला तर काय करू? आहे तेवढ्यावर भागवू. मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोला धरला तर म्हणाले, निदान तुझा आवाज तरी ऐकू दे, तेवढाच आधार आहे. मग कसला धरते मी अबोला.

दादाला कळलं तर तो डाव्या डोळ्यावरून स्वतःला खात बसेल, असं म्हणतात. मला वाटतं, तुम्हीच काहीतरी लिहावं. माझं चालत नाही.

जाऊबाईंना नमस्कार. तुमचा आधार आहे तसाच राहू द्या.

आपली,
धाकटी

---

ता. २४ जून

चि. पाटीवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

धाकटीला रागावू नकोस. मला तुझ्या पत्रानेच सांगितलं. पिवळे त्या दिवशी निळ्या शर्टात होते, गड्या.

आज प्रशिक्षकांवरून वाद नाही. आज मला साठ वर्षांपूर्वीचं मैदान दिसतंय. तू सहा वर्षांचा, दोन दप्तरांमध्ये गोलकीपर म्हणून उभा. मी दहा वर्षांचा, शाळेचा चामडी चेंडू मागून आणलेला, आणि कवितावेडा. कविता म्हणत म्हणत मी धावायचो आणि ओळीच्या शेवटच्या अक्षराला चेंडू मारायचो. तुलाही त्या ओळी पाठ झाल्या होत्या. चेंडू कधी येणार हे तुला आधीच कळायचं, म्हणून तू तो हमखास अडवायचास. त्या दिवशी मी ओळ मध्येच विसरलो. विसरलो त्याची लाज वाटली, आणि तशीच लाथ मारली. तू अजून ओळ संपायची वाट बघत उभा होतास.

डोळा सुजून टोमॅटोएवढा झाला. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून तुला तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली आणि तुला एकही वाचता आलं नाही. मी दाराआडून पाहत होतो. त्यानंतर किती कविता म्हटल्या, पण ती एक पुन्हा कधीच म्हटली नाही.

त्यामुळे तुला सल्ला द्यायचा हक्क मला नाही, हे मी जाणतो. तरी पाया पडून मागतो. मी थोरला असून पाया पडतो, हे लक्षात घे. दुसऱ्या डोळ्याने तुला जग दिसत राहू दे. ऑपरेशन करून घे. मी येऊन बसू का तिथे? की मी समोर दिसलो तर तुला जास्त धास्ती वाटेल? तू सांगशील तसं.

तुझ्या लोभावर जगणारा,
दादा

---

ता. ३ जुलै

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र धाकटीने वाचून दाखवलं. पाया पडल्याच्या ओळीला तिचा आवाज गेला, म्हणून ती दोनदा ऐकावी लागली. पुन्हा असलं काही लिहिलंस तर पत्र परत पाठवीन. मी तुला कधी दोष दिला का? वादात डोळ्याला हात लावायचो, ती थट्टा होती. तुझ्या मनाला लागत असेल हे डोक्यातच आलं नाही.

तू येऊ नकोस. तू शेजारी बसून सुस्कारे टाकशील आणि डॉक्टरीणबाईंचा हात हलेल.

उपांत्य सामना ऐकला. हो, ऐकला. तुझे पिवळे, माझे लाल. आमचा गोल विसाव्या मिनिटाला झाला आणि कोटवाल्याने सगळ्यांना मागे बोलावलं. मी खूश. आहे ते सांभाळायचं. मग सत्तर मिनिटं मी नुसता जीव मुठीत धरून बसलो होतो. आत्ता येतील, आता येतील, एवढंच. गोल आमच्या खात्यावर, आणि मला एक घोट पाणी गोड लागेना. शेवटच्या आठ मिनिटांत तुझ्या त्या लंगड्या कप्तानाने दोन घातले आणि संपलं. रागाने मी उशी फेकली. ती कुठे पडली ते मला दिसलं नाही. चाचपडत शोधताना वाटलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून गेले चार महिने आपण दुसरं काय करतोय? गोलापुढे उभे राहून वाट बघतोय.

धाकटीला म्हटलं, तारीख घे. परवाची मिळाली आहे. तिने आधी मला कुलूप घालावं तशी मिठी मारली आणि मगच डॉक्टरीणबाईंना फोन केला. मी पळून जाईन अशी भीती असावी.

भीती वाटतेय, दादा. एवढं तुलाच सांगतो.

तुझा,
पाटीवाला

---

ता. १२ जुलै

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी लिहितोय. मीच वाचून पाहतोय. ओळी बघ.

तार केली होती ती मिळालीच असेल, पण तिच्यात काय मावतं. पट्टी काढली तेव्हा समोर डॉक्टरीणबाईंचा कोट होता, आणि दादा, पांढरा म्हणजे किती पांढरा! मी विचारलं, हा आजच धुतलाय का? त्या म्हणाल्या, चार दिवस धुतला नाही. गेली दोन वर्षं मी सगळं जग चहाच्या पाण्यातून पाहत होतो. मग धाकटीकडे पाहिलं. ती म्हणाली, म्हातारी दिसते ना? मी म्हटलं, दिसतेस, तेच पुष्कळ. त्यावर रुसली. अजून रुसलेलीच आहे, पण दिवसातून दहा वेळा समोर येऊन उभी राहते.

काल बाजारात जाऊन अलीकडे रंगवलेल्या माझ्या पाट्या पाहून आलो. लाँड्रीवाल्याने आकाशी मागितला होता. मी निळा ओततच राहिलो असणार. भिंत किंचाळतेय. तो बिचारा म्हणाला, असू दे, लांबून दिसते. फुकटात पुन्हा रंगवून देणार आहे.

अंतिम सामना पाहिला. या डोळ्याने, गवताच्या प्रत्येक पट्ट्यासकट. तुझे पिवळे पिवळ्यातच होते, मी खात्री करून घेतली. पेनल्टीवर हरले याबद्दल दुःख झालं असं लिहायला हवं, पण खोटं कशाला लिहू. पाचवी पेनल्टी थकलेल्या कप्तानाला देणारे तुझे आजोबा थोरच.

आता मुख्य गोष्ट. दोन दिवस ही लिहावी की नाही याचा विचार करत होतो, कारण लिहिली तर माझं फार नुकसान आहे.

डॉक्टरीणबाईंनी डावाही डोळा दिवा लावून नीट तपासला. मी चेंडूची हकीकत सांगितली. त्यांनी पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, आत कसलीही जुनी जखम नाही. हा जन्मापासूनचा आळशी डोळा आहे. उजवा सगळं काम करायचा, म्हणून हा पाहायला शिकलाच नाही. चेंडूने सूज आली आणि गेली. डोळा झाकून कुणी आधी तपासलंच नव्हतं, म्हणून दोष चेंडूवर गेला. मी त्यांना तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी त्या चिडल्या.

तुझ्या लाथेत तेवढा दम नव्हता, दादा. तू माझं काही घेतलेलं नाहीस.

हे लपवलं असतं तर पुढच्या स्पर्धेतले वादही मीच जिंकलो असतो. बघ, किती लोभ आहे तुझ्यावर.

तुझा,
पाटीवाला

---

ता. १५ जुलै

चि. पाटीवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा त्याच परिच्छेदापाशी थांबलो. तुझी वहिनी विचारत होती, काय झालं. मी कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. मग मी उभं राहून ती सबंध कविता म्हटली. मधली ओळ अडखळत नाही आता. वहिनी म्हणाली, सुंदर आहे, पण पुढच्या वेळी बसूनच म्हणा.

छातीवरून काहीतरी उतरलंय. रात्री लागली ती झोप मला पाचवीपासून लागली नव्हती.

बरं. आता नीट ऐक.

कोटवाला गाढव आहे. हे मी पहिल्या सामन्यापासून म्हणत होतो आणि गिळत होतो. अकरा माणसं गोलापुढे उभी करणं याला कड सांभाळणं म्हणत नाहीत, याला घाबरणं म्हणतात. पाचवी पेनल्टी कप्तानालाच द्यायला हवी होती, कारण उपांत्य सामन्यात दोन्ही गोल त्याचेच होते, आणि चेंडू खांबाला लागला तो केवळ दोन बोटांच्या फरकाने. मागच्या स्पर्धेतली पेनल्टी पेनल्टीच नव्हती. त्याआधीच्या स्पर्धेत तू ज्याला महान गोलकीपर म्हणत होतास त्याला उंच चेंडू धरता येत नव्हता. त्याआधीचं तर बोलूच नकोस. साठ वर्षं मी मान तुकवली, आणि साठ वर्षं, अरे बाबा, तू धादांत चुकीचा होतास!

कागद संपला, राग संपला नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. वहिनीही येतेय, मध्ये पडायला. आठ दिवसांचे कपडे घेतलेत, पण पंधरा स्पर्धा नव्याने भांडायच्या म्हणजे ते पुरतीलसं वाटत नाही. धाकटीला सांग, जास्त दिवस राहिलो तर वाईट वाटून घेऊ नकोस.

लोभ होता तेवढाच आहे. गय मात्र यापुढे मुळीच नाही.

तुझा,
दादा