जेसिंताचा हात

शुक्रवार संध्याकाळ, मेसईदचा किनारा

गाडीला जोडलेली कॅरव्हॅन रिव्हर्स घेताना मी आज तीनदा वाळूत आडवी घातली. शेजारच्या तंबूतले कतरी आजोबा चहा पीत बघत होते. शेवटी बायको म्हणाली, "उतर, मला दे."

जेसिंतानं हात स्टिअरिंगच्या चाकाच्या अगदी खालच्या टोकाला धरला. हात डावीकडे नेला की मागची कॅरव्हॅनही डावीकडे! एवढं सोपं? एका दमात जागेवर. आजोबा ओरडले, "खलास!" म्हणजे त्यांच्या अरबीत, झालं काम.

कुठं शिकलीस? तर म्हणते, "तुझ्या बाजूला बसून. तू चुकलास की माझा हात मांडीवर स्टिअरिंग धरल्यासारखा फिरायचा."

मग बोलली का नाही? पण मी ऐकलं असतं?

तो हात डोळ्यांसमोरून हलत नाही. काय बाई आहे! उद्या किल्ली तिच्याकडे. बाजूला बसून शिकायची पाळी माझी.