पाठमोरं पोस्टर

आबा,

तुम्ही गेल्यावर थोड्याच वर्षांत फ्लेक्स आलं आणि थिएटरवरचे, तुम्ही रंगवायचात तसले सिनेमाचे बोर्ड बंद झाले. मी त्याच कामात राहिले, फक्त ब्रश सुटला. शाहूपुरीत एका डिझाइनच्या दुकानात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते. आज डोळे फार चुरचुरत होते, म्हणून लवकर घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले.

कॉलेजात असताना मी एकदा बोर्डावर खलनायकाचा चेहरा अर्धा अंधारात ठेवला होता. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "अर्धं त्वांड कुणाला दावतीस? मानूस त्वांड बघून आत येतंय," म्हणालात आणि उरलेला चेहरा स्वतः पुरा केलात. रंगातल्या रॉकेलचा वास भाकरीला लागतोय म्हणून आतून आई ओरडत होती.

तुमच्या वेळी सिनेमात मोलकरणीची कामं करणाऱ्या एक बाई होत्या. पाण्याचा तांब्या आणून द्यायच्या आणि जायच्या. तुमच्या बोर्डावर त्यांचा चेहरा कधी आला नाही. साठी उलटल्यावर त्यांना मुख्य भूमिका मिळाली. आजऱ्यात काजू फोडणाऱ्या एका आईची गोष्ट. पोस्टर मीच केलं. त्यांचा चेहरा मोठा घेतला, मागं लाल-पिवळं आभाळ, खाली पोरंबाळं, सुना, भांडणं. त्या दुकानात येऊन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

मग सिनेमा परदेशात दाखवायचं ठरलं. निर्माते तिकडच्या वितरकांचा निरोप घेऊन आले. एवढी माणसं नकोत, एवढे रंग नकोत, पोस्टर असं भरलेलं दिसलं की नाचगाण्याचा सिनेमा वाटतो. मोकळी जागा हवी. पाठमोरी बाई, समोर नुसता डोंगर. बाई तेव्हा दवाखान्यात होत्या. दुकानाच्या मालकांनी मलाच नऊवारी नेसायला लावून जोतिबाच्या रस्त्याला उभं केलं आणि पाठमोरा फोटो काढला.

बऱ्या झाल्यावर त्या आल्या. पोस्टर बघून म्हणाल्या, "माझं त्वांड कुटं हाय?"

मी तिकडचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "पाठ तरी माझी हाय न्हवं?"

"न्हाय मावशी. माझी हाय."

खुर्ची ओढून त्या बसल्या. मी पाणी दिलं. ते अर्धं पिऊन म्हणाल्या, "व्हय, तू तरी पोचलीस की तिकडं."

मी त्यांचा चेहरा घालून आणखी एक नमुना पाठवला. तिकडून नको म्हणून कळवलं. सिनेमा तिकडं लागला, लोकांनी बघितला, एवढं कानावर आलं. पुढच्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या घरी, हार घातलेलं, आपलं लाल-पिवळं पोस्टरच लावलंय.

त्यानंतर तिकडं जाणारी सगळी पोस्टरं माझ्याकडंच येतात. नट कोणी का असेना, मी माणसं कमी करत जाते. हात आपोआप चालतो. दिवसभर काय केलं तेही संध्याकाळी आठवत नाही.

हे पत्र पाठवायचं कुठं? टेबलाच्या खणात ठेवून देईन. पण एक गोष्ट बाईंना शेवटपर्यंत सांगता आली नाही, ती इथं लिहिते. दोन्हींतलं ते पाठमोरं पोस्टर मला जास्त आवडलं होतं. अजूनही आवडतं.