मुडपलेला अंगठा

मंगळवार, दिवेलागण, थेरगाव

लिही गं नातीबाई, मी बोलते तसंच. तुझ्या बापाबद्दल हाय म्हणून गाळू नको.

तुझ्या बापाला वाटतं, मी फार तापट झाले. म्हणून त्यानं मला महिनाभर ध्यान शिकायला तीन ठिकाणी फिरवलं. पहिल्या ठिकाणी म्हणाले, श्वासाकडं बघा. सत्तर वर्षं आपला आपण येतोय, आता त्याच्यावर कसली पाळत ठेवायची? दुसरीकडं जपाची माळ दिली. धारा काढून काढून माझा अंगठा मुडपलेलाच राहिलाय, मणी निसटून पळायचे. आज ताथवड्याचे गुरुजी म्हणाले, "आजी, माझं माझं सोडा." शेजारी तुझा बाप केवढी मान हलवत होता.

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोठ्याची जागा बिल्डरला द्यायचीय, नि कागदावर माझाच अंगठा लागतो. मी शांत व्हावं ते एवढ्यासाठी. मेल्यानं सरळ विचारलं असतं तर? तरी दिला नसता म्हणा.

घरी आले ती तडक गोठ्यात गेले. रागाचा हात लागला की म्हैस पान्हा चोरती. म्हणून तिच्या कुशीला डोकं टेकून गप बसले. माझं मन थाऱ्यावर आलं, तवाच तिनं दूध सोडलं. मला मानवतं ते ध्यान हे एवढंच.

तुझा बाप कागद घेऊन दारात उभा. "आई, आता शांत वाटतंय ना?"

"लई शांत," म्हणले. "पण अंगठा धारेला मुडपलाय बाबा. तो आता कागदासाठी सरळ व्हायचा न्हाई."