मगरी न उतरविण्याबाबत

प्रति,
मा. सुरक्षा-निरीक्षक साहेब,
दगडखाण देखरेख कचेरी,
नौपाडा, ठाणे.

अर्जदार : पोपट काळुराम भोईर, राहणार कळवा. धंदा : पूर्वी खाणीत ब्रेकवाला, सध्या काही नाही.

विषय : साहेबांचे सोंग घेणे व साहेबांचा कोट फाडणे या दोन आरोपांचा खुलासा, आणि एक विनंती.

संदर्भ : आपल्या कचेरीची नोटीस, अर्जदारास पोलीसपाटलामार्फत मिळालेली.

महोदय,

दोन्ही आरोप खरे आहेत. ते खरे कसे झाले एवढेच सादर करण्याची परवानगी असावी.

१. अर्जदार हा कळव्याच्या डोंगरावरील हरिहरशेठ यांच्या दगडखाणीत डब्यांचा ब्रेक धरीत असे. वर फोडलेला दगड लोखंडी डब्यांत भरतात, डबे एकमेकांस जोडतात आणि रुळांवरून खाली खडीच्या यंत्राकडे सोडतात. जोडण्याचे काम अर्जदाराचा चुलतभाऊ गणू याजकडे होते. त्याने दोन डब्यांच्या मधे उभे राहावयाचे, मागचा डबा येऊन आदळण्याच्या आत साखळीचा आकडा पुढच्या डब्याच्या कडीत घालावयाचा आणि अंग चोरून बाहेर यावयाचे. हात घेण्यास उशीर झाल्यामुळे गणूच्या डाव्या हाताची करंगळी मागेच गेली होती. शेठ त्यावर म्हणाले होते की, करंगळीला खाणीत तसेही काही काम नसते.

२. त्या करंगळीवरून आपण शेठना हुकूम केलात आणि खाणीत नवे आकडे आले. दोन लोखंडी जबडे समोरासमोर येतात, डबा डब्यास टेकला की खट्कन एकमेकांस धरतात. सोडवावयाचे तर बाजूला उभे राहून लांब दांडा ओढावयाचा. मधे कोणी जावयाचे नाही. आम्ही त्यास मगरी म्हणू लागलो. पाहणीच्या दिवशी आपण समक्ष पाहिलेच की गणू बाजूला उभा राहून दांडा असा ओढत होता, जणू देवळातली घंटा वाजवीत आहे. आपण खूष झालात, शेठनी आपणास शहाळे दिले.

३. आपली मोटार कळव्याचा पूल ओलांडून गेली आणि शेठनी मगरी उतरविल्या. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून त्या कोठीत ठेवण्यात आल्या व साखळ्या परत आल्या. अर्जदाराने कारण विचारले असता शेठ म्हणाले, "अरे, रोज वापरून झिजल्या तर साहेब आले की दाखवू काय?" आपण पाहणीची तारीख आगाऊ पत्राने कळवीत असल्यामुळे शेठची गैरसोय कधीच झाली नाही. आदल्या संध्याकाळी मगरी लागत, दुसऱ्या संध्याकाळी निघत. पाहुण्यांसाठी काढलेली चांदीची भांडी जशी परत ट्रंकेत जातात, तसे ते होते.

४. गणूची बायको आवडाबाई ही खाणीत पाट्या वाहते. तिचा आवाज मुंब्र्यापर्यंत जातो. एके सकाळी ती डोंगरावरून ओरडली, "साहेबाची मोटार पुलाव आयली." शेठनी धावपळ करून मगरी लावविल्या. आपण अर्थातच आला नाहीत. परंतु त्या दिवशी गणू मधे गेला नाही. आवडाबाईस ही गोष्ट फार आवडली व ती वरचेवर ओरडू लागली. शेवटी शेठनी पुलावर एक माणूस बसविला, आणि आवडाबाईच्या आवाजास काही किंमत उरली नाही. म्हणून नुसते साहेब येणार असे सांगून भागेना, साहेब दिसणे जरूर झाले.

५. अर्जदार दर शिमग्यास गावच्या सोंगांत साहेब होतो. हे काम त्यास बरे जमते असे लोकांचे मत आहे. अडचण कपड्यांची होती. नौपाड्यातील एका लाँड्रीत आपले कपडे धुण्यास पडतात. तेथील कामगाराचे नाव अर्जदार कोणत्याही परिस्थितीत सांगणार नाही. तो अर्जदाराच्या बायकोचा भाऊ आहे आणि तिला भाऊ एकच आहे. त्याच्याकडून आपला कोट, पाटलोण व ऊन लागू नये म्हणून आपण घालता ती हॅट मिळाली. कोट सैल होत होता, म्हणून अर्जदाराची बायको तुळसा हिने आतून पोटावर उशी बांधून दिली. यात साहेबांच्या प्रकृतीविषयी अनादर नाही, मापाचा प्रश्न होता.

६. अर्जदार तापाने आजारी असल्याचा निरोप मुकादमास धाडून तो मागच्या वाटेने डोंगराच्या माथ्यावर चढला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. शेठच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांना माथ्यावर हॅट दिसली, कोट दिसला, पोट दिसले. पुलावरच्या माणसास त्यांनी शिव्या दिल्या आणि मगरी लावविल्या. साहेबांसाठी चहा आवडाबाईच्या हाती वर पाठविला. साहेबांनी खाली यावे अशी विनंतीही आली. अर्जदाराने उत्तर पाठविले की, साहेब बसून पाहणी करीत नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्जदार पुन्हा उभा राहिला, तिसऱ्या दिवशीही. शेठ मुकादमास म्हणाले, "हा साहेब बदललाय. कुणीतरी वरून कान उपटलेले दिसतात." पंधरवडाभर मगरी उतरल्या नाहीत. आपल्या कोटाने त्या काळात जितकी पाहणी केली तितकी आपल्या कचेरीच्या दप्तरी क्वचितच असेल. आवडाबाई घरी जाऊन तुळसाला म्हणाली, "माजा दादला रोज हात धुतो आणि मी रोज बोटां मोजतंय. आता मोजाची सवय जायल." हे ऐकून अर्जदारास आपण खरोखरच कोणी अधिकारी आहोत असे वाटू लागले, आणि तेथे त्याची चूक झाली. तो माथ्याच्या अगदी कडेला उभा राहू लागला.

७. खाडीकडून वारा आला व हॅट उडाली. ती उतरणीवरून घरंगळत थेट शेठच्या कोठीच्या दारात गेली. हॅट परक्याची, हरवली तर मेहुण्याची नोकरी जाईल, या भीतीने अर्जदार सोंग विसरून तिच्यामागे धावत सुटला. लाँड्रीत बूट धुण्यास येत नसल्यामुळे तो अनवाणी होता. शेठनी हॅट उचलली, पायांकडे बारीक डोळे करून पाहिले आणि शांतपणे विचारले, "साहेब, बूट कुठे ठेवून आलात?" उशी तेवढ्यात खाली आलेली होती. अर्जदारास त्याच जागी कामावरून काढण्यात आले. कपडे त्याच संध्याकाळी लाँड्रीत परत गेले, व साखळ्या डब्यांवर.

८. पुढच्या मंगळवारी गणूचा उजवा हात दोन डब्यांमधे सापडला. पंधरवडाभर बाजूला उभे राहून त्याची चपळाई थोडी मोडली होती, असे तो स्वतः म्हणतो. अर्जदार त्या वेळी घरी होता. आवडाबाईचा आवाज आला नाही, त्यावरूनच काहीतरी झाल्याचे त्यास कळले. चार बोटे गेली, अंगठा राहिला. बैलगाडीतून ठाण्यास नेताना गणू कण्हला नाही. एवढेच म्हणाला, "पोपटदादा, तू तिथं उभा होतास तवर बरा होता." या वाक्याचा अर्जदारास जो त्रास होतो तो नोटिशीतील कोणत्याही कलमाने होणार नाही.

९. आवडाबाईने आपल्या कचेरीत येऊन काय सांगितले ते आपणास ठाऊक आहे. आपण रागाने निघालात, पत्र न धाडता. मोटार ठाण्याच्या बाजूलाच बंद पडली म्हणून पायी आलात (पुलावरचा माणूस मोटारीचीच वाट पाहत होता), तेही मागच्या वाटेने. अंगात तोच कोट, डोक्यावर तीच हॅट. अर्जदार त्या दिवशी स्वतःची राहिलेली पहार परत मागण्यास खाणीत आला होता व आठदहा हातांवर उभा होता. शेठनी आपणास पाहिले आणि ते हसले. म्हणाले, "आलास? आज बूटपण मिळवलेस." आपण इंग्रजीत रागावलात. शेठ मुकादमाकडे वळून म्हणाले, "बघ, बोलायलासुद्धा शिकून आलाय." मग आपल्या हाती साखळी देऊन त्यांनी आपणास डब्यांमधे ढकलले. "साहेब ना तू? मग लाव साखळी. बघू दे पाहणी."

१०. वरून भरलेला डबा सुटलेला होता. आपण साखळीकडे पाहत होता, डब्याकडे नव्हे. नवीन माणसाचे असेच होते. हाक मारून आपणास समजावण्याइतका वेळ नव्हता, म्हणून अर्जदाराने धावत येऊन मागून कोट धरला आणि सर्व ताकदीने ओढला. कोट पाठीवर मधोमध फाटला, आपण बाहेर पडलात, अंगठ्याचे नख तेवढे आत राहिले. कोट न फाडता साहेबांस बाहेर काढण्याचा दुसरा मार्ग त्या क्षणी अर्जदारास सुचला नाही. कोटाच्या जागी साहेब फाटले असते तर नोटीस कोणाच्या सहीने निघाली असती, याचा विचार व्हावा. आपण जमिनीवर पडल्यापडल्या पहिले वाक्य मराठीत बोललात. ते येथे लिहिता येत नाही, पण त्यावरूनच शेठना खात्री पटली की हे खरे साहेब आहेत.

११. आता सद्यःस्थिती. त्या दिवसापासून मगरी प्रत्येक डब्यावर आहेत. शेठ कोठीच्या पायरीवर बसून पुलाकडे पाहत असतात, आणि मागच्या वाटेवरही आता एक माणूस बसविला आहे. कोणी हॅटवाला दिसला की उठून नमस्कार करतात. परवा एका विमा एजंटास शहाळे मिळाले. तो अजून त्याचे कारण शोधीत आहे. खरा कोण, खोटा कोण, याचा शेठना भरवसा राहिलेला नाही, म्हणून ते सर्वांनाच खरे धरतात. गणू गेल्या आठवड्यात कामावर परतला. मगरीचा दांडा डाव्या हातानेही ओढता येतो.

१२. आणि अशा वेळी आपल्या नोटिशीत शेवटी लिहिले आहे की, येत्या महिन्यात पाहणी करून, सर्व ठीक असल्यास दाखला देण्यात येईल व प्रकरण बंद होईल. हे वाचून अर्जदार हा अर्ज लिहिण्यास बसला. साहेब आले म्हणजे साहेब जाणार. साहेब गेले, दाखला मिळाला, की गोणपाट कोठीत तयारच आहे.

तरी हात जोडून विनंती की, साहेबांनी कळव्यास येऊ नये. येणार नाही असेही कोणास कळवू नये. येण्याचा धाक तेवढा चालू ठेवावा. आरोप अर्जदारास मान्य आहेत. शिक्षा द्यावयाची झाल्यास त्यास ठाण्यास बोलवावे. तो पूल ओलांडून आपण होऊन चालत येईल.

आपला आज्ञांकित, परंतु कामावरून काढलेला,

पोपट काळुराम भोईर
(सही स्वतःची)

कळवा, दिनांक ८ डिसेंबर १९५३